पाठवा, थांबा, बाहेर पडा: आपोआप येणाऱ्या मेसेजेसची पार्श्वभूमी

गेल्या वर्षी साताऱ्याहून आत्याचा फोन आला, चांगलीच तापली होती. विम्याचा हप्ता तिनं शाखेत जाऊन रोख भरला होता, शिक्का मारलेली पावती पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती, तरी ‘आपला हप्ता थकला आहे’ असा मेसेज तिसऱ्यांदा आला होता. चौथा आला तेव्हा ती पावती घेऊन शाखेत गेली आणि रांगेत उभी राहिली. खिडकीतल्या मुलानं पावती पाहिली, मेसेज पाहिला आणि म्हणाला, “काकू, हे सिस्टिममधून जातात. तुम्ही लक्ष देऊ नका.”

मी पोटासाठी हेच सिस्टिमचं काम करते, त्यामुळे काय झालं असेल याचा अंदाज आला. महिन्याच्या एक तारखेला कुणीतरी थकबाकीदारांची यादी काढली असणार. यादीतल्या प्रत्येकाला मेसेज, मग पाच दिवस थांबा, मग दुसरा मेसेज, पुन्हा थांबा. मधे कुठेही ‘पैसे भरले का?’ असं विचारणारा चौकोन नाही. एकदा यादीत नाव लागलं की शेवटच्या मेसेजपर्यंत सुटका नाही.

या मांडणीला धंद्यात ‘फ्लो’ म्हणतात, जरा मोठ्या कंपनीत ‘जर्नी’. पडद्यावर एका बाजूला ठोकळ्यांची पेटी असते आणि समोर कोरी जागा. ठोकळे ओढून आणायचे आणि बाणांनी जोडायचे. आत कोण येणार, काय पाठवायचं, किती थांबायचं, कुठल्या अटीवर वाट फुटणार, बाहेर कोण कधी पडणार. हे पाच समजले की बाकीचे सगळे ठोकळे त्यांचीच पिल्लं. ओढा-सोडा-जोडा हा प्रकार वीसेक वर्षांत रुळला, पण ठोकळे स्वतः फार जुने आहेत आणि सगळे एका वेळी जन्मलेले नाहीत. ‘पाठवा’ सगळ्यांत थोरला. ‘बाहेर पडा’ हे शेंडेफळ, पण त्याचे लाड कुणी केले नाहीत.

सरकारी कचेरीशी पत्रव्यवहार केलेल्या माणसाला ‘स्मरणपत्र क्र. २’ हे शब्द वेगळे सांगायला नकोत. पहिलं पत्र विनंतीचं, दुसऱ्यात ‘अद्याप उत्तर अप्राप्त’, तिसऱ्यात पुढील कारवाईची भाषा. हा फ्लोच आहे, फक्त तो चालवणारा कारकून होता. महिन्याच्या तारखांप्रमाणे कप्पे करून त्यात कागद टाकायचे आणि त्या तारखेला तो कप्पा उघडायचा. ‘थांबा’ ठोकळ्याचा हा पहिला अवतार. त्यात एक सोय आपोआप मिळायची: कप्पा उघडणारा माणूस जुनं पत्र परत पाठवण्याआधी आवक वहीत उत्तर आलंय का ते बघायचा. निदान बघणं अपेक्षित तरी होतं.

अमेरिकेत टपालानं माल विकणाऱ्यांचा व्याप वाढला तेव्हा कारकुनाचे हात पुरेनात. शिकागोच्या ॲरन माँटगोमेरी वॉर्डनं १८७२ मध्ये एका पानाच्या किंमतपत्रकावर धंदा सुरू केला होता. १८९० च्या दशकात जोसेफ डंकन यानं ॲड्रेसोग्राफ हे यंत्र काढलं. त्याची पद्धत पुढे अशी बसली: प्रत्येक गिऱ्हाइकाचा पत्ता धातूच्या छोट्या पट्टीवर उठवायचा, पट्ट्यांची चळत यंत्रात घालायची आणि पाकिटांवर पत्ते छापत सुटायचं. पुढच्या काळात या पट्ट्यांच्या कडेला छोट्या खुणा अडकवायची सोय आली. अमुक खूण असलेल्या पट्ट्याच छापायच्या, बाकीच्या नुसत्या पुढे सरकवायच्या. आज आम्ही ज्याला सेगमेंट म्हणतो तो हाच. तेव्हा तो बोटांनी चाचपता यायचा.

मला स्वतःला या इतिहासातलं सगळ्यांत रंजक प्रकरण वाटतं ते पुस्तकांच्या क्लबचं. १९२६ मध्ये हॅरी शेरमन आणि त्याच्या साथीदारांनी न्यूयॉर्कमध्ये ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ काढला. सभासदाला दर महिन्याला निवडलेलं पुस्तक घरपोच. थोड्याच काळात त्यांनी एक चलाख पद्धत बसवली. आधी पुस्तकाची माहिती आणि सोबत एक कार्ड पाठवायचं. पुस्तक नको असेल तर ठरलेल्या मुदतीत कार्ड परत करा, नाही आलं तर पुस्तक आणि बिल दोन्ही येणार. १९५५ मध्ये कोलंबिया रेकॉर्ड क्लबनं हीच पद्धत गाण्यांच्या तबकड्यांना लावली.

यात ‘पाठवा’ आहे, ‘थांबा’ आहे आणि ‘उत्तर आलं का?’ ही फाटाफूटही आहे. फक्त वाट उलटी फुटते. गप्प बसलेल्या माणसाचा होकार धरला जातो. कार्ड टपालात उशिरा पोचलं, माणूस गावाला गेला, विसरला, तरी पुस्तक दारात हजर. तक्रारी इतक्या झाल्या की १९७३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं नियम केला: नकार कळवायला सभासदाला निदान १० दिवस मिळाले पाहिजेत. ‘थांबा’च्या चौकोनात किती आकडा भरायचा हे तिथे कायद्यानं सांगितलं. आपल्याकडे न मागता सुरू झालेल्या कॉलरट्यूनचे पैसे ज्यांच्या बॅलन्समधून कापले गेले, त्यांना ही गोष्ट लांबची वाटणार नाही. अशा सेवांसाठी ट्रायला, म्हणजे देशाच्या दूरसंचार नियामकाला, शेवटी ग्राहकाच्या दुहेरी होकाराची अट घालावी लागली.

ठोकळे कागदावर काढायची कल्पना मात्र जाहिरातीच्या धंद्यातून आली नाही, ती कारखान्यातून आली. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या जोडप्यानं १९२१ मध्ये अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे कामाच्या पायऱ्या चिन्हांनी मांडायची पद्धत सादर केली. १९४७ मध्ये त्या संस्थेनं पाच चिन्हं प्रमाण ठरवली: काम, वाहतूक, तपासणी, साठवण आणि खोळंबा. खोळंब्याला इंग्रजी ‘डी’ अक्षराचा आकार दिला होता. कारखान्यात खोळंबा म्हणजे दोष, तो शोधून काढून टाकायचा. आमच्या धंद्यात तोच मुद्दाम घालतात.

जोडण्याचा विचार संगणकवाल्यांकडून आला. बेल लॅब्जच्या डग मॅकिलरॉयनं १९६४ मध्ये एका टिपणात लिहिलं होतं की प्रोग्रॅम बागेतल्या रबरी नळीसारखे एकमेकांना जोडता आले पाहिजेत, हवा तेव्हा आणखी एक तुकडा लावावा. १९७३ मध्ये केन थॉम्प्सननं युनिक्स या संगणक-प्रणालीत ते करून दाखवलं. एकाचं बाहेर पडलेलं दुसऱ्याच्या आत, आणि कुणाला कुणाच्या पोटात काय आहे हे माहीत असायची गरज नाही. आज ‘एसएमएस पाठवा’ हा ठोकळा काढून त्या जागी ‘व्हॉट्सॲप पाठवा’ बसवता येतो, तो याच विचारामुळे.

ई-मेलचा भाग थोडक्यात आटोपतो. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थर्कनं आर्पानेटवरच्या (इंटरनेटच्या पूर्वजावरच्या) सुमारे ४०० जणांना नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचं न मागितलेलं आमंत्रण धाडलं. पत्ते इतके होते की ते पत्त्याच्या जागेत मावले नाहीत आणि मजकुरात सांडले. तिथे नुसतंच ‘पाठवा’ होतं. १९९८ मध्ये सुरू झालेल्या एवेबरसारख्या सेवांनी ‘पाठवा’नंतर ‘थांबा’ जोडला. नाव नोंदवलं की लगेच पहिलं पत्र, तीन दिवसांनी दुसरं, आठवड्यानं तिसरं. याला ड्रिप म्हणू लागले. ठिबक सिंचन पाहिलेल्या महाराष्ट्राला हा शब्द समजवायला नको. पण ठिबकच्या नळीला पीक काढून झालंय की नाही हे कळत नाही, आणि या ड्रिपलाही कळत नव्हतं. विकत घेऊन मोकळ्या झालेल्या माणसाला ‘अजून विचार करताय?’ असं पत्र जायचंच.

अट घालायची सोय मोठ्या कंपन्यांच्या हत्यारांत आधी आली. १९९२ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झालेल्या युनिकाच्या कॅम्पेन सॉफ्टवेअरमध्ये फ्लोचार्टच काढायचा असतो: निवडा, एकत्र करा, गट पाडा, यादी धाडा. २०१० मध्ये ती कंपनी आयबीएमनं घेतली आणि २०१९ मध्ये ते उत्पादन आपल्या एचसीएलकडे आलं. अशीच हत्यारं बनवणाऱ्या टोरँटोची एलोक्वा १९९९ ची, फ्रान्सची निओलेन २००१ ची. २०१२ च्या डिसेंबरपासून वर्षभरात अशा कंपन्या विकत घ्यायची एकच झुंबड उडाली. ओरॅकलनं एलोक्वा ८७ कोटी डॉलरना घेतली, सेल्सफोर्सनं एक्झॅक्टटार्गेट २५० कोटींना, ॲडोबनं निओलेन ६० कोटींना, आणि वर्ष संपता संपता ओरॅकलनं रिस्पॉन्सिस १५० कोटींना.

एवढा पैसा चौकोन आणि बाणांसाठी ओतला गेला असं मला वाटत नाही. तोवर गिऱ्हाइकाची नोंद एका कपाटात आणि मेसेज पाठवणारं यंत्र दुसऱ्या खोलीत असा संसार होता. दोन्हींमध्ये ये-जा करायची ती रात्री निघणारी फाइल. ‘भरले का?’ हा प्रश्न विचारायचा तर उत्तर त्याच क्षणी हाताशी पाहिजे. कालच्या फाइलला विचारून काय उपयोग? आत्याच्या शाखेतली रोख पावती संध्याकाळी नोंदली जात असेल, पण यादी एक तारखेचीच होती.

स्मार्टफोन आल्यावर यादीची जागा घटनेनं घेतली. ॲप उघडलं, वस्तू टोपलीत टाकली, पैसे देताना मागे फिरलं, प्रत्येक गोष्ट त्या क्षणी नोंदली जाऊ लागली. या टप्प्यात भारतीय कंपन्या मागे नव्हत्या. राजेश जैन यांची मुंबईतली नेटकोर नव्वदच्या दशकाअखेरची. त्यानंतर मुंबईतच २०११ मध्ये वेबएंगेज आणि २०१३ मध्ये क्लेव्हरटॅप आल्या, २०१४ मध्ये बंगळुरूत मोएंगेज. एकट्यादुकट्या साडीच्या दुकानालाही आता फ्लो लावता येतो. पूर्वी मार्केटिंगची मुलगी आयटी खात्याकडे अर्ज करायची आणि पंधरा दिवसांनी यादी मिळायची. आता तीच दुपारी जेवण झाल्यावर फ्लो काढते आणि चारला लाइव्ह करते. अधिकार तिच्याकडे आला हे चांगलंच झालं. त्याबरोबर ती पंधरा दिवसांची हरकत घेणारी खिडकीही गेली.

साधं उदाहरण घ्या. टोपलीत पैठणी टाकून बाई निघून गेल्या, चार तास थांबा, आठवण पाठवा. रात्री अकराला टोपली सोडली तर आठवण पहाटे तीनला. मी स्वतः हे केलंय. दुसऱ्या दिवशी दुकानदारांनी काढलेले उद्गार इथे लिहिण्यासारखे नाहीत. ट्रायनं २०१० च्या नियमांत रात्री ९ ते सकाळी ९ जाहिरातीचे मेसेज बंद केले होते. पण ॲपची सूचना त्या नियमात बसत नाही, तिथे शांततेची वेळ आपणच भरायची असते.

एसएमएसच्या बाबतीत भारतानं जगावेगळी गोष्ट केली. ट्रायच्या जुलै २०१८ च्या नियमांनी पाठवणारी संस्था, तिचं सहा अक्षरी हेडर (मेसेजवर पाठवणाऱ्याच्या जागी दिसणारं नाव) आणि मेसेजचा मजकूर, तिन्हींची आगाऊ नोंदणी डीएलटी या सामाईक खातेवहीत सक्तीची केली. मजकुरात बदलत्या जागा ठेवता येतात, बाकी अक्षर अन् अक्षर नोंदीशी जुळलं पाहिजे. ८ मार्च २०२१ रोजी ही छाननी खरोखर सुरू झाली आणि देशभर ओटीपी अडकले. बँकांचे अडकले, ज्येष्ठांच्या लसनोंदणीचेही अडकले. कुणाचा मजकूर नोंदलाच नव्हता, कुणाच्या मजकुरात एखादा पूर्णविराम जास्त होता. दुसऱ्याच दिवशी ट्रायला छाननी सात दिवस थांबवावी लागली. ‘पाठवा’ हा सगळ्यांत साधा ठोकळा, पण त्या आठवड्यात तो सगळ्यांत अवघड होऊन बसला.

मराठीसाठी त्यात आणखी एक मेख आहे. रोमन अक्षरांतला एसएमएस १६० अक्षरांचा. देवनागरी वापरली की मर्यादा ७० वर येते. त्यात ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर वाटतं, यंत्र ते सहा मोजतं. म्हणजे तोच मजकूर मराठीत पाठवला की दोन-तीन मेसेजेसचे पैसे. दुकानदार मराठी, गिऱ्हाईक मराठी, आणि मेसेज मात्र ‘तुमची ऑर्डर’ हे शब्द रोमन लिपीत घेऊन येतो, त्याचं निम्मं उत्तर या हिशेबात आहे.

अटीच्या ठोकळ्याला धक्का बसला तो २०२१ च्या सप्टेंबरात. ई-मेल उघडला का हे ओळखण्यासाठी त्यात एक अदृश्य ठिपक्याएवढं चित्र ठेवतात. ते उतरवलं गेलं की पत्र वाचलं असं धरायचं. ॲपलनं आपल्या मेल ॲपमध्ये खासगीपणाची सोय आणली. ती घेतलेल्या माणसाचं पत्र त्यानं उघडो न उघडो, त्यातली चित्रं ॲपलची यंत्रं आधीच उतरवून ठेवू लागली. वर्षानुवर्षं ‘उघडलं का?’ या चौकोनावर उभ्या असलेल्या फ्लोंमध्ये आयफोनवाले बहुतेक सगळे ‘हो’च्या वाटेनं जाऊ लागले. न वाचलेल्यांना परत पाठवायचं पत्र कुणालाच जाईना, आणि काही ठिकाणी ते कित्येक महिने कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

राहिला ‘बाहेर पडा’. हत्यारांत तो आता सगळीकडे आहे: अमुक घडलं की माणूस फ्लोमध्ये कुठेही असो, त्याला बाहेर काढा. पण बहुतेक ठिकाणी तो वेगळ्या पानावर, सेटिंगमध्ये असतो आणि रिकामा ठेवला तरी फ्लो सुरू होतो. ‘पाठवा’ रिकामा ठेवून बघा, लाल चौकट येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायनं हेडरच्या शेवटी मेसेजचा प्रकार सांगणारं अक्षर जोडायला लावलं, जाहिरातीला ‘पी’, सेवेला ‘एस’. त्यामुळे आत्याला मेसेज ओळखता येतो, थांबवता येतोच असं नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात मात्र लिहिलंय की संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला त्यात १८ महिन्यांचा ‘थांबा’ आहे.