सूर्य मावळला की दूर जाणारा रेडिओ

झिरो माईलचा दगड नागपूरकर पाहुण्यांना हौसेने दाखवतात. पण देशाच्या मधोमध असण्याचा खरा फायदा दिसला तो नागपूरजवळच्या बुटीबोरीला, असं मला वाटतं. आकाशवाणीची राष्ट्रीय प्रसारण सेवा १८ मे १९८८ रोजी सुरू झाली. त्या सेवेचा १००० किलोवॉटचा मीडियम वेव्ह ट्रान्समीटर इथलाच, १५६६ किलोहर्ट्‌झचा. कार्यक्रम संध्याकाळी सुरू होऊन पहाटे संपत. २०१८ च्या अखेरीस सेवा बंद करायचा निर्णय झाला, याचं आजही वाईट वाटतं.

वेळ रात्रीची का? दिवसा उन्हामुळे ६० ते ९० किलोमीटर उंचीवरची हवा विद्युतभारित होते. हा ‘डी’ थर मीडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो, लहरी आणखी वरच्या थरांपर्यंत पोचतात आणि तिथून परतून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. मध्यावरच्या नागपुरातून त्या चहूकडे जाणार.

केंद्रावरच्या तंत्रज्ञाला आभाळाइतकीच जमीनही सांभाळावी लागते. मीडियम वेव्हला मनोरा हाच अँटेना असतो आणि त्याची उंची लहरीच्या लांबीवर ठरते. नागपूर ‘अ’ केंद्राच्या ५८५ किलोहर्ट्‌झची तरंगलांबी सुमारे ५१२ मीटर. तिचा चौथा हिस्सा म्हटला तरी मनोरा १२८ मीटरचा हवा. असा मनोरा बहुधा चिनी मातीच्या जाड इन्सुलेटरवर उभा असतो आणि त्याच्या पायाशी तांब्याच्या तारा चक्राच्या आऱ्यांसारख्या जमिनीत पुरलेल्या असतात. त्या तुटल्या किंवा चोरीला गेल्या तर ट्रान्समीटर ठणठणीत असूनही बरीच शक्ती मातीत जिरते.

इन्सुलेटरशेजारी दोन धातूचे गोळे थोडं अंतर ठेवून बसवतात. मृगाच्या आधी विदर्भात कडकडाट सुरू झाला की या फटीचं मोल कळतं. वीज पडली तर ती फट ओलांडून जमिनीत जाते, इन्सुलेटर वाचतो. पण पेटलेली ठिणगी मग ट्रान्समीटरच्याच शक्तीवर जळत राहू शकते. म्हणून संरक्षक यंत्रणा क्षणभर प्रक्षेपण तोडते. ठिणगी विझली की पुन्हा जोडते. घरी रेडिओवर फक्त एक खंड जाणवतो.

दुरुस्तीसाठी ट्रान्समीटरचं दार उघडलं की पुरवठा आपोआप तुटतो. जाणता तंत्रज्ञ तरीही त्यावर विसंबत नाही. वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार उरलेला असू शकतो, म्हणून आधी अर्थिंग रॉड, म्हणजे जमिनीशी जोडलेली दांडी, टेकवायचा, आणि काम संपेपर्यंत तो तिथेच अडकवून ठेवायचा.