रद्दीचा कागद आणि शिळी भाकरी

‘रद्दीपासून केलेला कागद झेरॉक्स यंत्रात अडकतो’ हे वाक्य खरेदी समितीच्या बैठकीत एकदा उच्चारले गेले, की पुनर्चक्रित कागदाचा विषय बहुधा तेथेच मिटतो. अमेरिकेत १९९३ च्या अध्यक्षीय आदेशाने केंद्र सरकारच्या झेरॉक्स कागदात वापरून झालेल्या कागदाचा वाटा आधी किमान २० आणि १९९८ अखेरपासून ३० टक्के असावा असे ठरवले. त्यामुळे तेथील कामकाज ठप्प झाल्याचे ऐकिवात नाही. कागद अडकण्यामागे बरेचदा ओलावा असतो. पावसाळ्यात खिडकीपाशी उघडे राहिलेले रिम कडेने वाकते, मग ते नव्या लगद्याचे असो वा रद्दीचे.

तरीही रद्दीचा तंतू नव्यापेक्षा दुबळा असतो, हे खरे आहे आणि त्याचे कारण मोठे मनोरंजक आहे. कागद मुख्यतः डिंकाने चिकटत नाही. पाण्यातील सेल्युलोजचे तंतू जाळीवर पसरून वाळताना एकमेकांजवळ येतात आणि त्यांच्या पृष्ठभागांवरील ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्यांमध्ये हायड्रोजन बंध तयार होतात. ओला तंतू फुगलेला आणि लवचीक असल्यामुळे शेजाऱ्यावर चपटा बसतो. मात्र वाळताना तंतूच्या भिंतीतील थरही आपापसांत चिकटतात आणि पुन्हा भिजवल्यावर ते सगळे सुटत नाहीत. शिळी भाकरी पाण्यात बुडवली तरी ताजी होत नाही, तसेच हे आहे; तेथे स्टार्चच्या साखळ्या अशाच बंधांनी घट्ट झालेल्या असतात. ताठर झालेल्या तंतूचा शेजाऱ्याशी संपर्क कमी, म्हणून कागद कमजोर. लिग्निन, म्हणजे लाकडातील तंतूंना जखडून ठेवणारे द्रव्य, शिल्लक असलेल्या वर्तमानपत्री लगद्यात हा परिणाम फारच कमी दिसतो, कारण लिग्निन थरांना जवळ येऊ देत नाही. लगदा कुटून तंतू पुन्हा पिंजता येतात, पण कुटताना ते तुटतात. निलगिरीचा तंतू मुळातच जेमतेम एक मिलिमीटरचा, त्यामुळे काही फेऱ्यांनंतर त्याचा चुरा जाळीतून निघून जातो आणि नव्या तंतूंची भर घालावीच लागते.

‘एक टन रद्दीने १७ झाडे वाचतात’ हा फलकांवरील आकडा म्हणूनच भाबडा आहे. कोणती झाडे आणि केवढी, हे सांगितल्याविना त्याला अर्थ नाही.

दप्तरातील जुन्या नोंदी कागद पुनर्चक्रित असल्यामुळे पिवळ्या पडून तुटतात, ही समजूतही चुकीची आहे. कागदावर शाई पसरू नये म्हणून राळेबरोबर तुरटी वापरली जात असे आणि तिच्या आम्लाने सेल्युलोजच्या साखळ्या तुटत गेल्या. दीर्घकाळ जपायच्या नोंदींसाठी निविदेत लिग्निनचे अत्यल्प प्रमाण आणि आम्ल शमवणाऱ्या, खडूसारख्या कॅल्शियम कार्बोनेटचा साठा मागावा. आवक-जावकीची पाकिटे, मसुदे आणि सूचनापत्रे यांना त्याची गरज नाही.

गिरणीच्या दृष्टीने कार्यालयातील छापील पांढरा कागद ही उत्तम रद्दी असते, कारण त्यातील लिग्निन आधीच काढलेले असते. पण तीच रद्दी चहाच्या कपांसह एका टोपलीत जाते, किंवा गोपनीय नसलेली पानेही कागद कातरणाऱ्या यंत्रात (श्रेडरमध्ये) घातली जातात, जे एक मिलिमीटरच्या तंतूंचे आणखी तुकडे करते.