ओतकामातील मापांचे संख्याशास्त्रीय नियंत्रण

ओतीव भागांच्या मापांत नगागणिक पडणारा फरक आकड्यांनी तपासून, माल नापास होण्याआधीच प्रक्रिया दुरुस्त करण्याची पद्धत. फाउंड्रीत (ओतशाळेत) तिला ‘एसपीसी’ (स्टॅटिस्टिकल प्रोसेस कंट्रोल) म्हणतात. तिच्या मुळाशी अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ साली मांडलेला नियंत्रण तक्ता आहे, म्हणजे मापे क्रमाने मांडून ती वरच्या-खालच्या मर्यादांत राहतात का ते दाखवणारा आलेख. वाहन उद्योगाला माल देणाऱ्या कोल्हापूरच्या फाउंड्र्यांकडे ग्राहक हे तक्ते मागतात.

तक्त्याआधी मोजणी सांभाळावी लागते. पार्टिंग लाइनवर (साच्याचे दोन अर्धे मिळतात त्या रेषेवर) फ्लॅश (धातूची पातळ कड) राहिला असेल तर व्हर्नियर फ्लॅशच मोजतो. ड्राफ्ट (बाजूंना दिलेला उतार) १ अंश असेल आणि जबडा २० मिमी वरखाली टेकला, तर प्रत्येक बाजूला ०.३५ मिमी फरक पडतो. म्हणून मापाची जागा ड्रॉइंगवर खूण करून ठरवावी. एकच नग दोन तपासनीसांकडून पुन्हा पुन्हा मोजून घ्यावा. मोजणीतलाच फरक टॉलरन्सच्या (मापात चालणाऱ्या फरकाच्या) ३० टक्क्यांवर गेला, तर तक्ता काढण्यात अर्थ नाही.

सर्वांत जास्त चुका नमुना निवडताना होतात. एका पॅटर्न प्लेटवर (साच्यात नगाचा आकार उठवणाऱ्या पाटीवर) चार कॅव्हिटी (एकेका नगाचे आकार) असतील, तर चारही कॅव्हिटींचे नग एका गटात मिसळू नयेत. प्रत्येक कॅव्हिटीचे माप पॅटर्नमुळे थोडे वेगळे असते. हा कायमचा फरक गटाच्या रेंजमध्ये (सर्वांत मोठ्या आणि लहान मापांतल्या अंतरात) शिरला की तक्त्याच्या मर्यादा फुगतात आणि प्रक्रियेतला खरा बिघाड दिसेनासा होतो. कॅव्हिटी क्रमांक कास्टिंगवरच उठवावा आणि प्रत्येकीचा तक्ता वेगळा ठेवावा. लागोपाठच्या ५ साच्यांचा एक गट, असे निदान २५ गट घ्यावेत.

उदाहरणार्थ, माप ८२.० ± ०.८ मिमी, गटांच्या सरासऱ्यांची सरासरी ८२.२०, सरासरी रेंज ०.४७. पाचच्या गटासाठी रेंजचा गुणक ०.५७७, म्हणून सरासरीच्या मर्यादा ८१.९३ आणि ८२.४७, रेंजची वरची मर्यादा २.११४ × ०.४७, म्हणजे ०.९९. सिग्मा (प्रमाण विचलन) ०.४७ ÷ २.३२६ = ०.२०. यावरून सीपी (टॉलरन्सची पूर्ण रुंदी ÷ ६ सिग्मा) १.३२, पण सीपीके (सरासरीपासून जवळच्या टॉलरन्स मर्यादेचे अंतर ÷ ३ सिग्मा) ०.९९ येतो. प्रक्रियेचा पसारा ठीक आहे, फक्त केंद्र सरकले आहे. इथे वाळू किंवा मोल्डरला (साचा भरणाऱ्याला) दोष देऊ नये, पॅटर्न ०.२ मिमीने दुरुस्त करावा. मात्र तक्ता स्थिर असल्याखेरीज पॅटर्नला हात लावू नये, नाहीतर एका वाईट पाळीचा दोष पॅटर्नच्या धातूत कायमचा कोरला जातो.

तक्त्याचा आकारही कारण सुचवतो. सरासरी आठवड्यांमागून आठवडे एकाच दिशेने सरकली, तर पॅटर्न किंवा कोअर बॉक्स (आतली पोकळी घडवणारा कोअर ज्यात बनतो ती पेटी) झिजत असण्याची शक्यता मोठी. रेंज एकाएकी वाढली, तर साच्याच्या पेट्या जुळवणारे गाइड पिन-बुश सैल झालेत का आणि कोअर प्रिंटमध्ये (कोअर बसण्याच्या खाचेत) कोअर हलतोय का, ते आधी पाहावे. साचा नरम पडला की द्रव धातूच्या दाबाने त्याच्या भिंती मागे सरतात आणि बाहेरची मापे वाढतात. वजन किंवा क्लॅम्प अपुरा असेल तर साच्याची वरची पेटी उचलली जाते. त्यामुळे पार्टिंग लाइन ओलांडणारी मापे एकाच पेटीतल्या मापांपेक्षा जास्त हलतात. तक्त्यासाठी पहिली निवड त्यांचीच करावी.