पार्श्वभूमी : नोकरी गेल्यावर ठेकेदारालाच फोन का लावावा लागतो?

नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत काम सुटलेला मुलगा आधी ठेकेदाराला फोन लावतो. सरकारी कार्यालय त्याला आठवतही नाही. याची मुळे जुनी आहेत.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी १९४५ मध्ये सेवायोजन कार्यालये, म्हणजे नोकरीसाठी नाव नोंदवायची सरकारी कार्यालये (एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज), निघाली. फाळणीनंतर निर्वासितांची सोय तिथेच झाली आणि १९४८ मध्ये ती सर्वांना खुली झाली. १९५९ च्या कायद्याने सरकारी कार्यालयांना आणि २५ किंवा अधिक कामगारांच्या खासगी कारखान्यांना रिक्त जागा कळवणे सक्तीचे केले. पण पाठवलेला उमेदवार घ्यायचे बंधन त्यात नव्हते. सगळी मेख इथेच आहे.

तरीही ओझरला एचएएल हा विमान कारखाना आला, सातपूरला कारखाने उभे राहिले, त्या काळात मॅट्रिक किंवा आयटीआय झाले की या कार्यालयात नाव नोंदवायचे, हा रिवाज होता. कार्डावरच्या नोंदणीच्या तारखेवर ज्येष्ठता ठरे, त्यावर मुलाखतीचा ‘कॉल’ येई. नूतनीकरण चुकले तर वर्षानुवर्षांचा नंबर जाई, म्हणून कार्ड रेशनकार्डाशेजारी जपलेले असे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी भरतीसाठी केवळ या कार्यालयांच्या यादीवर विसंबू नका, जाहिरातही द्या, असे सांगितले. ते न्याय्यच होते, पण कार्डाचे वजन उतरले.

बेकारीतल्या आधाराचे काय? खेड्यांसाठी महाराष्ट्राने १९७७ मध्येच रोजगार हमीचा कायदा केला. पंधरा दिवसांत काम नाही दिले तर बेकारी भत्ता. शहरी कामगाराला असा हक्क कधीच मिळाला नाही. कामगार कपातीची भरपाई मागायची तर वर्षात २४० दिवस भरावे लागतात, आणि कंत्राटी पोरांना त्याआधीच ‘ब्रेक’ देऊन कामात खंड पाडला जातो. ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विम्याची २०१८ ची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना काम सुटलेल्या विमाधारकाला ९० दिवसांपर्यंत पैसे देते. आधी ते सरासरी मजुरीच्या २५ टक्के होते, २०२० पासून ५० टक्के झाले. पण ठेकेदाराने ईएसआयचा हप्ताच भरला नसेल तर दावा कशावर करायचा? ज्याला पुढचे काम शोधायला थोडी उसंत हवी, नेमका तोच बाहेर राहतो आणि मिळेल त्या हजेरीवर पुन्हा त्याच गेटवर उभा राहतो. मला हे फार अन्यायाचे वाटते.

आता सेवायोजनाची नोंदणी राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने १९५९ चा कायदा पोटात घेऊन ‘करिअर केंद्रे’ आणली. जागा कळवण्याची सक्ती तिच्यातही आहे, माणूस घेण्याची नाही.