रात्री तीन वाजता विद्यापीठ किती वीज खातं?

विद्यापीठाने कार्बन उत्सर्जन कमी करायचं मनावर घेतलं की गच्चीवर सौर पॅनेल चढतात आणि कुलगुरूंच्या हस्ते झाडं लागतात. दोन्हीला हरकत नाही. पण आधी बघावा रात्री तीनचा आकडा. वर्गांना कुलूप, कार्यालयं बंद, तरी मीटर चालूच. हा भार बहुतेक करून वर्षभर, चोवीस तास तसाच असतो.

एक किलोवॅट अखंड चालला तर वर्षाला 8,760 युनिट. ग्रिडच्या विजेमागे युनिटला साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर सहा टनांच्या वर. महाराष्ट्रात एक किलोवॅटचं सौर पॅनेल वर्षाला 1,400 युनिटच्या आसपास देतं. म्हणजे रात्रंदिवस चालणारा एक किलोवॅट बंद केला की सहा किलोवॅट पॅनेल बसवल्यासारखं झालं, तेही निविदा न काढता.

विद्यापीठासारख्या मोठ्या ग्राहकाच्या उच्चदाब मीटरमध्ये दर 15 किंवा 30 मिनिटांची नोंद असते. ती वीज कंपनीकडे मागा. पहाटे दोन ते चारची सरासरी काढा, एकदा सत्रातली, एकदा दिवाळीच्या सुट्टीतली. वसतिगृहं ओस पडूनही आकडा फारसा उतरला नाही, तर वीज मुलं खात नाहीत.

मग रात्री इलेक्ट्रिशियनला घेऊन एकेका इमारतीच्या मुख्य स्विचबोर्डावर जा. इथे एक चूक हमखास होते. वायरभोवती अडकवायचा साधा क्लॅम्प मीटर फक्त अँपिअर दाखवतो. तिन्ही फेजवर 40 अँपिअर म्हणजे जवळपास 29 केव्हीए, म्हणजे व्होल्ट आणि अँपिअरच्या गुणाकारातून दिसणारा भार. पण पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला खऱ्या भाराचा वाटा, 0.7 असेल तर खरा भार 20 किलोवॅटच. किलोवॅट दाखवणारा क्लॅम्प वापरा. बंद इमारतीतले वॉटर कूलर आणि कॉरिडॉरचे दिवे लगेच सापडतात. त्यांना टायमर पुरे.

विज्ञान विभागांत खरे खादाड म्हणजे उणे 80 अंशांचे फ्रीजर. जुना एक फ्रीजर दिवसाला 20 युनिटच्या आसपास घेतो, आणि तेवढी सगळी उष्णता खोलीत सोडतो, म्हणून तिथला एसीही रात्रभर चालतो. बरेचसे डीएनए आणि प्रथिनांचे नमुने उणे 70 ला व्यवस्थित टिकतात. वीज पाव ते तृतीयांश वाचते. (नमुन्यांना तापमानाची लेखी अट असेल, तर तो फ्रीजर सोडून द्या.) तापमान बदलताना अलार्मची मर्यादाही वर न्यावी लागते. ती उणे 70 वरच राहिली की फ्रीजर रात्री-अपरात्री बोंबलतो, आणि वैतागून कोणीतरी गुपचूप पुन्हा उणे 80 करून टाकतं. दाराच्या रबरी गास्केटवर बर्फ साचलाय का तेही बघा. दारात कागदाची पट्टी अडकवून ओढा. सहज निसटली तर तिथून दमट हवा आत शिरतेय. उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरची जाळी दर तीन महिन्यांनी धुवायची, हे काम मात्र कोणाच्याच नावावर नसतं.

एक उत्सर्जन मीटरवर दिसतच नाही. एसीत थंडावा आणणारा आर-410ए हा गॅस एक किलो हवेत गेला, तर 100 वर्षांच्या हिशोबाने तो सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. दर उन्हाळ्यात ‘गॅस भरून द्या’ म्हणण्याऐवजी आधी नायट्रोजनच्या दाबाने गळती शोधून घ्या. मग गॅसचा सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून भरायला लावा आणि किती ग्रॅम गेला ते त्या एसीच्या क्रमांकासमोर लिहून ठेवा.