‘सिंगल व्हिनयार्ड’ म्हणजे नक्की कोणाची बाग? नाशिकच्या प्रीमियम वाईनमागची पार्श्वभूमी

मुंबईत ज्याला आपण वाईन शॉप म्हणतो तिथे वाईनला वर्षानुवर्षं कोपऱ्यातल्या दोन फळ्या मिळायच्या, बाकी सगळं व्हिस्की, रम आणि बिअर. आता त्याच फळ्यांवर हजार-दीड हजाराच्या वरची नाशिकची बाटली असते आणि लेबलवर ‘इस्टेट’, ‘रिझर्व’, ‘सिंगल व्हिनयार्ड’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. मुलुंड चेकनाक्यावरून शनिवारी सकाळी निघून दुपारी वायनरीत पोचणारे आपल्यातले बरेच जण असं धरून चालतात की टेस्टिंग रूमच्या खिडकीतून जी बाग दिसते तिचीच ही वाईन. बऱ्याच वेळा तसं नसतं. ते तसं का नसतं, आणि आता काही वायनऱ्या ‘आम्ही वाईन बागेतच बनवतो’ असं का म्हणायला लागल्यात, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे नाही. ऐंशीच्या दशकात नारायणगावला एका कंपनीने शँपेनच्या पद्धतीने फेसाळती वाईन काढली आणि ती परदेशातही विकली, तिथून आपल्याकडची आधुनिक वाईन सुरू झाली असं धरायला हरकत नाही. तेव्हा थॉमसनसारखी खायची द्राक्षंही टाकीत जायची. मग नव्वदीच्या शेवटी गंगापूर धरणाच्या बाजूला कॅलिफोर्नियाहून परत आलेल्या एका इंजिनिअरने घरच्या जमिनीवर सोव्हिन्यॉ ब्लाँ आणि शनॅ ब्लाँ ही पांढऱ्या वाईनची द्राक्षं लावली, २००० साली त्याच्या बाटल्या बाजारात आल्या, आणि नाशिकची थंड रात्र खाण्याच्या द्राक्षाइतकीच वाईनलाही चालते हे सगळ्यांना दिसलं. निफाडचा पारा घसरल्याची बातमी आपण मुंबईत दर जानेवारीत वाचतो, त्याच रात्री द्राक्षातली आंबटी टिकवून धरतात.

२००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं. महाराष्ट्रातल्या द्राक्षाच्या वाईनला उत्पादन शुल्क माफ झालं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क झाले. अट होती ती द्राक्ष महाराष्ट्रातलं असण्याची. ते कुठल्या जमिनीतलं, एकरी किती टनांचं, याला धोरणात जागाच नव्हती. माझ्या मते पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू झाला, कारण वायनरी म्हणजे स्टीलच्या टाक्या आणि शेड, द्राक्षं काय कुठूनही येतील, असं समजून लोक धंद्यात उतरले.

आता द्राक्ष ‘कुठूनही’ का चालत नाही ते सांगतो. नाशिकचा बागाईतदार साधारण चाळीस वर्षं एकच गोष्ट शिकला, मणी फुगवायचा. थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, काहीही असो, जीएमध्ये, म्हणजे मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक ॲसिडमध्ये, घड बुडवायचे, विरळणी करायची, मणी सोळा-अठरा मिलीमीटर झाला की एक्स्पोर्टचा माल. काळी कसदार जमीन, भरपूर खत, मोजून पाणी आणि एकरी दहा टनांच्या आसपास उतारा. वाईनचं गणित बरोबर याच्या उलटं आहे. रंग आणि तुरटपणा सालीत असतो, गरात नाही, म्हणजे मणी जितका बारीक तितकी रसाच्या मानाने साल जास्त. त्यामुळे काबर्ने किंवा शिराझ अशा लाल वाईनच्या जातींना हलकी, मुरमाड, उताराची जमीन बरी, जिला आपल्याकडे कोणी द्राक्षाची जमीन म्हणत नव्हतं. पाणी कमी, जीए नाही, आणि एकरी तीन ते पाच टनांवर थांबायचं, त्यासाठी वेळ पडली तर चांगले हिरवे घड कापून जमिनीवर टाकायचे. ज्या माणसाने गारपिटीत एकेक घड वाचवायला रात्र काढलीय त्याला हे सांगून बघा. खायचं द्राक्ष १८-२० ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) निघतं, वाईनचं २२-२४ पर्यंत वेलीवर ठेवायचं, म्हणजे अवकाळीची धास्ती आणखी पंधरा दिवस.

आणि पैसे मिळायचे किलोवर. वायनरीला कमी टनेज हवं, शेतकऱ्याचं पोट टनेजवर.

माझ्या मामाने निफाड तालुक्यात २००५ च्या सुमारास तीन एकर थॉमसन काढून वाईनची व्हरायटी लावली, एका वायनरीशी करार करून. सुरुवातीची वर्षं बरी गेली. मग २००८ ला मंदी आली, नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला, आणि भारतीय वाईनचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे मुंबईची मोठी हॉटेलं, ती ओस पडली. टाक्या भरलेल्या, नवीन माल कोण घेणार. मामाच्या दोन सीझनचे पैसे अडकले ते आलेच नाहीत, आणि तो एकटा नव्हता, गावोगावी लोकांनी वाईनच्या बागा तोडल्या. कित्येक जण परत खायच्या द्राक्षाकडे वळले तर २००९ च्या नोव्हेंबरात अवकाळीने झोडपलं आणि २०१० ला लिहोसिन या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून युरोपने माल नाकारला. ‘आमची बागेवर श्रद्धा आहे’ असं ब्रोशरमध्ये वाचलं की मला ती तोडलेली बाग आठवते, त्यामुळे पुढचं मी अगदी तटस्थपणे लिहिलंय असा दावा करत नाही.

त्या पडझडीत जे तगले किंवा नंतर आले त्यातल्या काहींनी मात्र उलट्या बाजूने, म्हणजे आधी बागेपासून सुरुवात केली. निफाडकडे एका कुटुंबाने इटालियन वाईनमेकर आणून फक्त स्वतःच्या बागेच्या द्राक्षाची वाईन करायची असं ठरवलं होतंच. अकलूजकडे परदेशातून रोपं आणून सान्जोव्हेजे ही इटलीची लाल वाईनची जात लावली गेली, जिचं नावही इथे कोणी ऐकलं नव्हतं. मोठ्या वायनऱ्यांनी दहा-दहा वर्षांचे करार सुरू केले, दर क्वालिटीला बांधला.

प्रीमियम वायनरी बागेत जे करते ते ऐकायला साधं वाटतं. प्लॉटप्रमाणे माती तपासायची, कुठल्या उतारावर काय लावायचं ते ठरवायचं, मंडपाऐवजी उभ्या तारांवर वेल चढवायचा म्हणजे घडाला हवा लागते आणि भुरी-डाऊनीसारखे बुरशीचे रोग कमी, तोडणी पहाटे थंडीत आणि हाताने, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक प्लॉटचा माल वेगळ्या टाकीत. हे शेवटचं खर्चिक आहे कारण लहान टाक्या जास्त लागतात. पण चार प्लॉट एकत्र ओतले की कुठल्याने चव दिली आणि कुठल्याने बिघडवली ते कधीच कळत नाही, आणि मग पुढच्या ऑक्टोबरच्या छाटणीला काय बदलायचं तेही नाही.

आता तो शब्द. ‘इस्टेट’ आणि ‘सिंगल व्हिनयार्ड’ आपल्याकडे सर्रास एकाच अर्थाने वापरतात, आणि ते चूक आहे. इस्टेट हा ताब्याचा प्रश्न आहे. अमेरिकेत ‘इस्टेट बॉटल्ड’ लिहायचं तर सगळी द्राक्षं वायनरीच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या जमिनीतली आणि वायनरी ज्या द्राक्षप्रदेशात आहे त्याच प्रदेशातली लागतात, तसा नियमच आहे. सिंगल व्हिनयार्ड हा जागेचा प्रश्न आहे, सगळं द्राक्ष एकाच बागेतलं, मग ती बाग वायनरीची असो की शेतकऱ्याची. वायनरीच्या दहा ठिकाणच्या स्वतःच्या बागा एकत्र केल्या तर ती इस्टेट असू शकते पण सिंगल व्हिनयार्ड नाही, आणि मामासारख्याच्या दोन एकरांतून सिंगल व्हिनयार्ड होऊ शकते पण तिला इस्टेट म्हणता येणार नाही. ‘रिझर्व’ तर अजून निसरडा. स्पेनमध्ये रियोहाच्या लाल ‘रेसेर्व्हा’ला तीन वर्षं मुरवावं लागतं, त्यातलं निदान एक वर्ष लाकडी पिंपात, पण अमेरिकेत त्याच शब्दाला कायद्याने काही अर्थ नाही.

आणि एक बाग म्हणजे तरी केवढी? फ्रान्सच्या बरगंडीत क्लो द व्हूजो नावाची भिंतीतली एक बाग आहे, पन्नासेक हेक्टरची, तिचे मालक ऐंशीच्या आसपास, म्हणजे बाग एक आणि वाईन अनेक जणांच्या. नाशिकमध्ये उलटं, वायनरी एक आणि बागा शेकड्याने, प्रत्येकाचा सातबारा वेगळा, गट नंबर वेगळा. तिथे आठशे वर्षांत जमिनीच्या तुकड्याला नाव पडलं, इथे बागच पंधरा-वीस वर्षांत थकते कारण आपला वेल युरोपसारखा हिवाळ्यात झोपत नाही, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, असा वर्षातून दोनदा कापला जातो. म्हणून मला वाटतं आपल्याकडे सिंगल व्हिनयार्डला अर्थ यायचा तर लेबलवर गाव आणि प्लॉट हवा, आणि बाग कराराची असेल तर शेतकऱ्याचं नावही, त्याची हरकत नसेल तर. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन आहे, पण दिंडोरीचा उतार आणि निफाडची काळी जमीन त्या एका नावात सारखीच होऊन जाते. वायनरीवाल्यांची बाजू अशी की शेतकरी करार मोडून दुसरीकडे गेला तर लेबलवरचं नाव फुकट जाईल. ही भीती खोटी नाही, पण करार आधी कोणी मोडले होते हेही विसरता येत नाही.

मधल्या काळात बातम्यांमध्ये गाजलं ते वेगळंच, जानेवारी २०२२ चा हजार चौरस फुटांवरच्या दुकानांमध्ये वाईन ठेवायला परवानगी द्यायचा निर्णय. विरोध झाला, अंमलबजावणी झालीच नाही. त्या सगळ्या चर्चेत वाईन म्हणजे दारू की नाही यावर तावातावाने बोललं गेलं, पण कुठल्या शेतातली कुठली वाईन आणि शेतकऱ्याला काय दराने, यावर मला तरी कुठे फार ऐकू आलं नाही.

बागेकडे लक्ष द्यायचं अजून एक कारण म्हणजे आपल्याकडे द्राक्ष पिकतं ते ऊन वाढत जाताना. युरोपात पिकायच्या वेळी हवा थंड होत जाते, इथे फेब्रुवारीच्या शेवटी तापायला लागलं की साखर झपाट्याने चढते, आंबटी उतरते आणि वायनरीत टार्टारिक ॲसिड घालून ती सावरावी लागते. छाटणी दहा दिवस अलीकडे घ्यावी तर ऑक्टोबरचा परतीचा पाऊस कोवळ्या फुटीवर डाऊनी आणतो, पलीकडे घ्यावी तर मार्चचं ऊन. ही तारीख प्रत्येक प्लॉटला वेगळी असते.

मामाच्या मुलाने काही वर्षांपूर्वी परत दोन एकर शिराझ लावलीय, या वेळी मागच्या मुरमाड पट्ट्यात जिथे आधी नुसतं गवत होतं. दर एकरावर ठरलाय, किलोवर नाही, त्यामुळे गेल्या डिसेंबरात त्याने स्वतःच घड कापून टाकले. त्याच्या क्रेटवर प्लॉटचा नंबर असतो आणि माल वेगळ्या टाकीत जातो. बाटलीवर अजून फक्त वायनरीचं नाव आहे.