लेशधातूंची सागरी वनस्पतिप्लवकांवरील विषक्रिया

तांबे, जस्त, कॅडमियम, पारा इ. धातूंच्या अत्यल्प मात्रेनेही समुद्रातील तरंगत्या सूक्ष्म वनस्पतींचे (वनस्पतिप्लवकांचे) पेशीविभाजन व प्रकाशसंश्लेषण मंदावते. तांबे व जस्त या पेशींना पोषणासाठीही लागतात. त्यामुळे गरज आणि विषबाधा यांत अंतर फार थोडे असते.

सर्वाधिक अभ्यास तांब्याचा झाला आहे. पाण्यातील एकूण तांब्यावरून विषारीपणा ठरत नाही, तो मुक्त, म्हणजे इतर रेणूंना न बांधलेल्या, ताम्र-आयनांवर (तांब्याच्या विद्युतभारित कणांवर) अवलंबून असतो, हे विल्यम संडा व रॉबर्ट गिलार्ड या संशोधकांनी १९७६ मध्ये दाखवले. खुल्या समुद्राच्या पृष्ठजलातील ९९ टक्क्यांहून अधिक तांबे सेंद्रिय रेणूंनी बांधलेले असते. हे रेणू काही अंशी प्लवकच स्रवत असावेत. नील-हरित शैवले सर्वांत नाजूक. लिटरमागे १ पिकोमोलच्या (मोलच्या एक लक्षकोट्यंश भागाच्या) आसपासच्या मुक्त आयनांनीही त्यांची वाढ घटू लागते. किनाऱ्याजवळचे अनेक डायाटम (सिलिकाचे कवच असलेली एकपेशीय शैवले) त्याच्या दसपट मात्रेतही तग धरतात.

खोलातून नुकत्याच वर आलेल्या पोषकसमृद्ध पाण्यात वाढ रेंगाळते, पण ईडीटीएसारखे धातू बांधणारे द्रव्य घातले की सुधारते, असे रिचर्ड बार्बर व जॉन राइथर या संशोधकांना १९६९ मध्ये विषुववृत्तीय पॅसिफिकमध्ये आढळले. याचे कारण वादग्रस्त ठरले. एका मतानुसार ते द्रव्य तांब्याचे विष उतरवते. दुसऱ्या मतानुसार ते लोह विरघळलेल्या रूपात टिकवून पेशींना उपलब्ध ठेवते. त्याच महासागरी पट्ट्यात १९९५ मध्ये लोह मिसळल्यावर प्लवकांचा मोठा बहर आला. तेव्हापासून तेथील पाण्यापुरते लोहाचे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. तरीही तांब्याची भूमिका निकालात निघालेली नाही, कारण तांबे पेशीत शिरणाऱ्या मँगनीज या पोषक धातूची वाट अडवते आणि मँगनीज कमी असलेल्या पाण्यात अधिक घातक ठरते. नमुने घेण्याच्या बाटल्या व तारांतून मिसळणाऱ्या धातूंमुळे जुन्या प्रयोगांतील कित्येक मोजमापे सावधपणेच वाचावी लागतात.

जादा तांबे व जस्त डायाटमांच्या सिलिसिक अम्ल (कवचासाठी लागणारे द्रव्य) शोषणातही अडथळा आणतात. कॅडमियमच्या संपर्कात अनेक पेशी फायटोकेलॅटिन ही धातू बांधणारी पेप्टाइडे (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) तयार करतात. मात्र ‘थॅलॅसिओसिरा वाइसफ्लॉगी’ हा डायाटम जस्ताच्या टंचाईत कॅडमियम एका विकरात (एन्झाइममध्ये) वापरतो. तेव्हा हा धातू निव्वळ विष म्हणता येत नाही.

पारा फार विषारी आहे. शिशाचा परिणाम तुलनेने सौम्य दिसतो. बंदरांत जहाजांच्या तळाला लावलेल्या ताम्रयुक्त रंगातून तांबे सतत झिरपत राहते.